ब्लॉकचं अंगण: घासण्याआधी सांधा बघा

परभणीच्या एका ताईंनी विचारलंय: घरामागे वीस बाय तीस फुटांचं अंगण आहे. तीन वर्षांपूर्वी लाल आणि राखाडी पेव्हर ब्लॉक बसवले. आता लाल ब्लॉक पांढुरके दिसतात. न्हाणीच्या बाजूला पावसाळ्यात हिरवा पट्टा धरतो, त्यावरून सासूबाई एकदा घसरल्या. फाटकाजवळ खड्डा पडलाय आणि फटींतला लव्हाळा उपटून हात दुखायची वेळ आलीय. मार्गशीर्षात मुलीचं लग्न आहे, हळद याच अंगणात होणार. गवंडी म्हणतो, अ‍ॅसिडनं धुऊन फटी सिमेंटनं भरून टाकू. भाचा म्हणतो, प्रेशर वॉशर भाड्यानं आणतो. पाणी बोअरचं आहे. कुणाचं ऐकावं?

ताई, सध्या दोघांनाही थांबवा.

मी वीस-बावीस वर्षं हेच काम करतोय, आणि खराब अंगण बघायला गेलो की ब्लॉककडे नंतर बघतो, आधी फटीत खिळा घालतो. खिळा दोन-चार मिलिमीटरवर अडला तर अंगण धडधाकट. इंचभर सरळ खाली गेला तर मग वरून कितीही चकचकीत दिसो, ते बिघडलेलंच. ब्लॉक खाली कशाला चिकटवलेले नसतात. दाबलेला मुरूम, त्यावर इंच-दीड इंच वाळू, तिच्यावर ब्लॉक, आणि दोन ब्लॉकांमधल्या दोन ते चार मिलिमीटरच्या फटीत कोरडी बारीक वाळू, एवढाच सगळा मामला. एका ब्लॉकवर पाय पडला की त्याचा भार ही फटीतली वाळू शेजारच्या ब्लॉकांवर वाटून देते. वाळू गेली की ब्लॉक सुटा पडतो, डुगडुगतो, कोपऱ्यांचे टवके उडतात आणि वरचं पाणी थेट खाली उतरतं. फटीला आम्ही सांधा म्हणतो. तुमच्या चार तक्रारींपैकी तीन कुठं ना कुठं या सांध्याशी आणि त्यातून खाली उतरणाऱ्या पाण्याशी येऊन भिडतात.

पांढरेपणा तेवढा वेगळा, म्हणून तो आधी उरकतो. तुम्हाला वाटतंय रंग उडाला. बहुतेक वेळा उडालेला नसतो. चांगल्या ब्लॉकचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा असतो, तो उन्हानं सहजी जात नाही. त्यावर लोणा चढलेला असतो. सिमेंटमधला मोकळा चुना पाण्याबरोबर वर येतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी त्याची गाठ पडते आणि पांढरा थर बसतो. नव्या ब्लॉकवर हे होतंच, आणि एक-दोन पावसाळ्यांत बरंचसं आपोआप कमीही होतं. पण तुमचं अंगण तीन वर्षांचं आहे. म्हणजे आता जो थर दिसतोय त्यात बोअरच्या पाण्याचा वाटा मोठा असणार. आपल्याकडच्या बोअरचं पाणी किती जड असतं ते गिझरची कॉइल बघितलेल्या कुणालाही सांगायला नको. रोज पाइपनं अंगण धुतलं आणि उन्हात वाळू दिलं, तर रोज क्षारांचा एक पातळ पापुद्रा आपणच चढवत असतो. स्वच्छतेच्या हौशीनं अंगण पांढरं केलेली घरं मी कितीतरी पाहिलीत! कूलरचा स्टँड जिथं असतो तिथं हे सगळ्यात नीट दिसतं, खाली पांढरं वर्तुळ आणि मधोमध गंजाचा तांबडा डाग.

उपाय पायरीपायरीनं करा. पहिल्यांदा कोरड्यानं घासा. प्लास्टिकच्या ताठ केसांचा ब्रश किंवा जुना खराटा घ्या. तारेचा ब्रश नको, त्याचे तुकडे सांध्यात अडकतात आणि पुढच्या पावसात गंजतात. निघालेली पांढरी भुकटी सुपलीत भरून बाहेर टाका. लगेच पाणी मारलं तर ती विरघळून पुन्हा ब्लॉकच्या अंगात शिरते. एवढ्यानं निम्मं काम होतं. उरलेल्यासाठी किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व एक लिटर पाण्याला पन्नास ग्रॅम या मापानं घ्या. आधी ब्लॉक साध्या पाण्यानं भिजवा, म्हणजे द्रावण खोल शिरत नाही. मग द्रावण लावा, बारीक फेस येईल. पाच-सात मिनिटांत ब्रश फिरवून धुऊन टाका. आधी कोपऱ्यातल्या दोन ब्लॉकांवर करून, वाळल्यावर कसं दिसतं ते बघा आणि मगच पुढं सरका. शेवटचं धुणं जमलं तर पावसाच्या पाण्यानं करा. ते मऊ असतं, वाळल्यावर मागे काही ठेवत नाही. पत्र्याच्या पन्हळीखाली एक ड्रम लावून ठेवला असेल तर तो याच कामाला राखून ठेवा.

आता गवंड्याचं अ‍ॅसिड. न्हाणीघर धुवायला बाटलीत मिळतं ते हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड लोणा दोन मिनिटांत घालवतं, यात खोटं काही नाही. पण तो थर संपल्यावर ते थांबत नाही, ब्लॉकचं सिमेंटही खातं. रंगीत थर ब्लॉकच्या वरच्या तोंडालाच असतो, फार तर आठ-दहा मिलिमीटर. त्याचं तोंड खरवडलं गेलं की आतली कच उघडी पडते, ब्लॉक खरबरीत होतो, आणि खरबरीत ब्लॉक धूळ, तेल, शेवाळ सगळंच दुप्पट धरतो. शिवाय बाजारातल्या स्वस्त अ‍ॅसिडमध्ये लोह असतं, त्यानं पिवळट डाग पडतात ते वेगळेच. गवंड्याला त्या दिवशी अंगण लखलखीत करून पैसे घ्यायचेत. पुढच्या वर्षी तो तिथं नसतो.

हे मी शिकलो तेसुद्धा दुसऱ्याच्या नुकसानीतून. धंद्याच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी एका ओळखीच्यांच्या वाड्यात ओसरीची शहाबादी फरशी मी अ‍ॅसिडनं धुतली. शहाबाद म्हणजे चुनखडकच. अ‍ॅसिड पडताच दुधासारखा फेस आला आणि मला वाटलं मळ निघतोय! मळ कसला, दगडच विरघळत होता. पन्नास-साठ वर्षं पावलांनी घासून आरशासारखी झालेली फरशी दहा मिनिटांत खडूसारखी पांढरीफटक झाली. घरातल्या आजी काही बोलल्या नाहीत, नुसत्या बसून बघत राहिल्या. कर्नाटकातलं शहाबाद आणि आपला मराठवाडा १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते, त्यामुळे आपल्या जुन्या घरांत, शाळांत, देवळांत ही फरशी जागोजाग आहे. तिला अ‍ॅसिड नाही, व्हिनेगर नाही, वर सांगितलेलं लिंबूसत्त्वसुद्धा नाही. पाणी आणि थोडा सौम्य साबण, बस. तुमच्या अंगणाच्या कडेला शहाबादीचा पट्टा असेल तर द्रावण तिकडं ओघळू देऊ नका.

हिरव्या पट्ट्याचं कारण घासून जाणार नाही, ते शोधून काढावं लागेल. शेवाळ सावली आणि साचलेली ओल मागतं. न्हाणीचं पाणी गटारात नीट जातंय का बघा. एक बादली पाणी तिथं ओता आणि ते कुठं जातं ते उभं राहून बघा. अंगणाला दहा फुटांमागे दोन इंच ढाळ असावा, आणि तो घराकडून बाहेर. पाणी दहा मिनिटांनीही तिथंच असेल तर वर काहीही लावा, पुढच्या श्रावणात शेवाळ पुन्हा हजर. महालक्ष्म्यांना घरात पाहुणे आणि अंगणात बुळबुळीत पट्टा, हे समीकरण किती घरांत असतं! ओलीची वाट मोकळी केल्यावर साफसफाई सोपी आहे. दहा लिटर पाण्यात शंभर ग्रॅम ब्लीचिंग पावडर प्लास्टिकच्या बादलीत ढवळा, अर्धा तास निवळू द्या आणि वरचं निवळलेलं पाणी तेवढं वापरा. खालचा गाळ चुन्याचा असतो. तो ब्लॉकवर गेला तर एक पांढरेपणा घालवून दुसरा आणला असं होईल. पंधरा-वीस मिनिटं ठेवून ब्रशनं घासा, धुवा. हातमोजे घाला. तुळस, झाडं, कोंबड्या बाजूला ठेवा.

आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: ब्लीचिंग आणि लिंबूसत्त्व किंवा कोणतंही अ‍ॅसिड एकाच दिवशी, एकाच जागी वापरायचं नाही. दोन्ही एकत्र आले की क्लोरिन वायू सुटतो. कोंडलेल्या कोपऱ्यात तो माणसाला आडवा करतो. ब्लीचिंगचं काम आज केलं, भरपूर धुतलं, तर दुसरं काम दोन दिवसांनी.

भाच्याचा वॉशर वाईट नाही. पाण्याच्या हिशोबानं तर तो पाइपपेक्षा बरा. घरगुती यंत्र तासाला तीन-चारशे लिटर घेतं, उघडा पाइप त्याच्या दुपटी-तिपटीनं ओततो. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी यायचं, ते दिवस पाहिलेल्या माणसाला उघडा पाइप बघवत नाही. पण वॉशरची बारीक धार सरळ खाली धरली की ती सांध्यातली वाळू कोरून काढते. पोरांना ते बघायला मजा येते, फटी कशा स्वच्छ काळ्या दिसायला लागतात. ती स्वच्छता म्हणजेच अंगणाचा नाश. वापरायचाच तर पंख्यासारखी पसरट धार देणारं तोंड लावायचं, ब्लॉकपासून फूटभर लांब, तिरकं धरायचं, आणि धार सांध्याच्या रेषेत न नेता आडवी फिरवायची. आणि धुतल्यावर सांधे पुन्हा भरायचे, ही अट. तुमच्याकडं हिरवा पट्टा आणि फाटकाजवळचा मळ एवढंच असेल तर वॉशर लागणारही नाही. कपडे खळखळून उरलेलं पाणी आणि खराटा यांत भागतं.

फटींतल्या तणाबद्दल लोकांचा एक गैरसमज आहे. फटीत उगवणारं बहुतेक तण खालून येत नाही, वरून येतं. सांध्यातली वाळू खाली बसली की वर खाचा होतात, त्यात धूळ, पालापाचोळा, सड्याचं शेण साठतं, आणि वाऱ्यानं आलेलं बी त्यात रुजतं. घोळ, केना, गाजरगवत सगळं असंच. सडा घालू नका असं मी म्हणणार नाही, पण ब्लॉकवर शेणाचं दाट पाणी घातलं तर ते फटीत शेत तयार करतं हे खरं. उंबऱ्यासमोर आणि तुळशीपाशी घाला, बाकी अंगणाला साधा पाण्याचा शिंतोडा पुरे. कोवळ्या तणावर चहाच्या किटलीनं उकळतं पाणी सोडलं तर ते दोन दिवसांत करपतं. मीठ टाकू नका. ते पुन्हा पांढरा लोणा होऊन वर येतं आणि कडेच्या झाडांच्या मुळाशी जातं. ग्लायफोसेट या तणनाशकाबद्दल विचाराल, तर केंद्र सरकारनं २०२२ साली त्याचा वापर कीडनियंत्रणाचा व्यवसाय करणाऱ्यांपुरता ठेवायची अधिसूचना काढली. घरच्या अंगणात, जिथं लेकरं रांगतात, तिथं तसंही ते मी मारणार नाही. तण वरून येतं म्हटलं, त्याला लव्हाळा मात्र अपवाद. त्याच्या गाठी जमिनीत खोल असतात, वरून उपटून तो हसतो. जिथं तो दाट आहे तिथले ब्लॉक उचलून गाठी वेचून काढण्यावाचून इलाज नाही. सुदैवानं तुमचा लव्हाळा खड्ड्याच्याच आसपास असेल, कारण ओल तिथंच आहे.

आता खड्डा. इथं जरा थांबायला हवं, कारण मराठवाड्यात अंगण बिघडतं ते वरून कमी आणि खालून जास्त. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. एप्रिल-मे मध्ये रानात पडणाऱ्या भेगांत हात जातो. तीच माती तुमच्या ब्लॉकखाली आहे. अंगणाच्या मधल्या भागातली माती झाकलेली असल्यानं तिची ओल फारशी बदलत नाही. हलते ती कडेची माती, फाटकाजवळची, पन्हळीचं पाणी पडतं तिथली. म्हणून खड्डा नेहमी कडेला असतो. ब्लॉक बसवताना काळी माती दीड-दोन फूट काढून मुरूम भरायचा असतो, सहा-सहा इंचांचे थर देऊन, पाणी मारून, दाबत. खर्च वाचवायला ठेकेदार अर्धा फूट काढतो आणि मुरूम एकदाच ओतून वरवर दाबतो. तीन वर्षं निघाली म्हणजे तुमचं काम अगदीच वाईट नव्हतं.

दुरुस्ती दोन माणसांची एक दिवसाची आहे. खड्ड्याच्या चारी बाजूंनी दोन-दोन ब्लॉक जास्तीचे धरून उचला. पहिला ब्लॉक चिवट असतो. दोन पातळ पट्ट्या दोन बाजूंच्या फटींत घालून हळूहळू वर घ्या. तो निघाला की बाकीचे हातानं निघतात. पहार लावू नका, कोपरे फुटतात. खालची वाळू बाजूला काढा आणि बघा. उंदरा-घुशीचं बीळ असेल तर ते दगडगोटे आणि मुरूम ठोकून बुजवा. गुळगुळीत काळा चिखल लागला तर तो काढून टाका. खड्डा मुरमानं भरा, वाळूनं नाही. ही चूक सगळेच करतात. वाळूचा थर जाड झाला की तो बसत जातो आणि सहा महिन्यांत खड्डा परत. मुरूम भिजवून धुम्मसानं ठोकून घ्या, त्यावर इंच-दीड इंच वाळू फळीनं सपाट करा आणि ब्लॉक शेजारच्यांपेक्षा चार-पाच मिलिमीटर वर ठेवा. लाकडी फळी आडवी धरून हातोड्यानं ठोकलं की ते बरोबर पातळीत येतात. फाटकाच्या कडेला काठ बांधलेला नसेल तर आताच काँक्रीटचा काठ करून घ्या. काठ नसलेले ब्लॉक हळूहळू बाहेर सरकतात आणि सांधे रुंदावतात.

आणि खड्ड्याशी पन्हळीचं पाणी पडत असेल तर पाइप लावून ते लांब न्या. नाहीतर मला पुढच्या वर्षी पुन्हा लिहाल.

फटींत सिमेंट का नको, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. खालची माती वर्षातून दोनदा हलणार, त्यावर सांधे कडक केले तर ते तडकणारच. तडकलेल्या सिमेंटच्या चिरेतून पाणी आत जातं, पण बाहेर निघायला वाट राहत नाही. शिवाय पुढे एक ब्लॉक उचलायचा म्हटलं तर चार फोडावे लागतात. वाळूचा सांधा मातीबरोबर थोडा हलतो आणि पुन्हा भरता येतो.

तो भरायची रीत अशी. सगळं धुणं-घासणं संपल्यावर अंगण दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळू द्या, दसऱ्यानंतरचं ऊन त्याला बेस्ट. बारीक वाळू किंवा धुतलेली क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू) चाळून, ताडपत्रीवर पसरून हाताला खळखळीत लागेपर्यंत वाळवा. नुसती कच नको, तिच्यातली भुकटी पाणी धरते. तुमच्या अंगणाला वरचा इंचभर सांधा भरायला सिमेंटच्या गोणीएवढ्या दोन-तीन गोण्या लागतील. वाळू पसरा, खराट्यानं तिरकी तिरकी फिरवा, फळी ठेवून वरून ठोका, पुन्हा फिरवा. चार-पाच दिवस थोडी वाळू वरच राहू द्या. येता-जाता ती आत बसते, मग उरलेली झाडून घ्या. पुढच्या वर्षापासून हे काम मृगाच्या आधी, मे महिन्यात करत जा. तेव्हा वाळूही कोरडी असते आणि सांधेही.

सीलर लावू का, असं कुणी सुचवलं तर सध्या नको म्हणा. लोणा येत असताना वर चकचकीत थर मारला तर क्षार त्याच्याखाली अडकतात आणि अंगण दुधाळ दिसतं.

कामाचा क्रम असा ठेवा: खड्डा आणि लव्हाळा आधी, मग शेवाळ, दोन दिवसांनी लोणा, आणि वाळू शेवटी. कार्तिकी एकादशीपर्यंत आटोपलं तर मार्गशीर्षाला अंगण तयार. मंडपवाल्याला आधीच बजावा. त्यांची पोरं पहारीनं ब्लॉक फोडून बांबू रोवतात आणि मंडप सोडल्यावर ते भोक तसंच राहतं. वाळू भरलेल्या डब्यांत खांब उभे करायला सांगा, किंवा कुठले ब्लॉक काढायचे ते तुम्ही दाखवून द्या. आचाऱ्याची भट्टी ब्लॉकवर मांडू देऊ नका. त्या धगीनं ब्लॉकचं तोंड फुटतं, आणि तेल सांडतं ते निराळं. भट्टी उघड्या मातीवर.

हळदीचे डाग पडतील, पडू द्या. फक्त संध्याकाळी कुणी कपड्याचा साबण किंवा सोडा घेऊन घासायला बसू नये. हळदीला खार लागला की ती लालभडक होते आणि घरात रक्त सांडल्यासारखा गोंधळ उडतो. नव्या सिमेंटवर तर ती नुसती पडली तरी लाल होते. साध्या पाण्यानं पुसा आणि ऊन लागू द्या, आठवड्याभरात रंग फिका पडत जातो. हळदीतल्या तेलाचा काळपट डाग मागे राहिला तर त्यावर रांगोळीची पांढरी पूड जाड पसरून रात्रभर ठेवा, सकाळी झाडून टाका, मग भांड्याच्या साबणाच्या पाण्यानं घासा. एकदा नाही निघाला तर पुन्हा करा.